मळवलीचा शिळाछाप आणि पडद्यावरील प्रतिमा : ई-पुस्तके व संकेतस्थळांसाठीच्या प्रतिमा-निर्यातीची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : ओलिओग्राफ, शिळामुद्रण, रविवर्मा छापखाना, प्रतिमा-संक्षेपण, जेपेग, ई-पुस्तक, देवनागरी मजकूर

प्रस्तावना

लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातून पुण्याच्या दिशेने निघाले की दहा-एक किलोमीटरच्या आत मळवलीचे रेल्वे स्थानक लागते. कार्ला आणि भाजे येथील लेण्यांकडे जाणारा प्रवासी येथे उतरतो व डोंगराची वाट धरतो. याच परिसरात राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांचा शिळाछाप छापखाना होता, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना प्लेगच्या काळानंतर, १८९९ मध्ये, मळवलीस हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि पुढे अनेक दशके लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांची रंगीत चित्रे येथून भारतभरच्या घराघरांत गेली. १९७२ साली लागलेल्या आगीत छापखान्याची अपरिमित हानी झाली.

छापखाना गेला, छाप तेवढे उरले. आजच्या विद्यार्थ्याला व अभ्यासकाला हे छापही बहुधा कागदावर भेटत नाहीत. ते त्याला संकेतस्थळावर, ई-पुस्तकात किंवा एखाद्या शोधनिबंधाच्या पीडीएफमध्ये भेटतात. म्हणजे मळवलीच्या कामाविषयीचे आपले ज्ञान ज्या प्रतिमा-फाइलींवर उभे आहे, त्या फाइली कोणी, किती रुंदीच्या, कोणत्या स्वरूपात व किती दाबून तयार केल्या, हा प्रश्न केवळ संगणक-चालकाचा राहत नाही. तो संपादनाचा आणि संशोधनपद्धतीचा प्रश्न होतो. मराठी ग्रंथव्यवहाराने या प्रश्नाकडे अद्याप गांभीर्याने पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखात मळवलीचा छाप हेच मुख्य उदाहरण घेऊन या उपेक्षेची चिकित्सा केली आहे.

छाप हीच मुळात एक निर्यात

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ओलिओग्राफ ही स्वतःच तैलचित्राची स्वस्त नक्कल होती. मग नकलेची नक्कल थोडी बिघडली तर एवढे काय बिघडले, असे विचारता येईल.

या आक्षेपात तथ्य आहे. मात्र ते समजण्यासाठी छापाची प्रक्रिया पाहावी लागते. आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या शिळामुद्रणाचे तत्त्व साधे आहे : चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने रेखाटन करावे, शिळा ओली करावी, म्हणजे छपाईची शाई फक्त तेलकट जागीच धरते. रंगीत छापासाठी प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागते. मूळ चित्राची बाह्यरेषा प्रत्येक शिळेवर उतरवून घ्यायची, त्या त्या रंगाचा वाटा कोठे किती, हे कारागिराने नजरेने ठरवायचे आणि लेखणीच्या टोकाने ठिपके देत छायाप्रकाश उभा करायचा. एकेक कागद मग सर्व शिळांखालून, खुणेला खूण जुळवून, पुन्हापुन्हा काढायचा. गालावरची लाली ही प्रत्यक्षात फिकट गुलाबी, पिवळसर आणि तपकिरी ठिपक्यांची गर्दी असते. शेवटी काही छापांवर वार्निश चढवून व पृष्ठभागास उठाव देऊन तैलचित्राचा भास निर्माण केला जाई.

याचा अर्थ असा की मळवलीचा कारागीर तैलचित्राची निर्यातच करीत होता. त्याच्याही निर्यातीला मर्यादा होत्या : रंगांची संख्या, कागदाचा आकार, किंमत. मूळातील कितीतरी छटा तो सोडून देत होता. परंतु काय सोडावे याचा निर्णय चित्राकडे पाहून होत असे. चेहरा व हात यांवर ठिपके दाट, पार्श्वभूमीवर विरळ. लुगड्याच्या काठावर रंगाची एक जादा शिळा, आकाशाला दोनच. आजच्या संगणकावरील निर्यात-खिडकीत 'गुणवत्ता ६०' हा आकडा जसाच्या तसा ठेवून बटण दाबले जाते तेव्हा तो आकडा देवीच्या डोळ्याला आणि मागच्या ढगाला एकाच मापाने तोलतो. आक्षेपातील तथ्य येथे संपते. नक्कल करण्यास कोणाचीच हरकत नाही. ती न पाहता केली जाते, हे दुखणे आहे.

एका छापाचे गणित

रविवर्मा छापखान्याचे अनेक छाप १४ × २० इंच या आकाराच्या आसपासचे आढळतात. असा छाप इंचाला ६०० पिक्सेल या मापाने स्कॅन केला तर ८४०० × १२००० पिक्सेलांची, म्हणजे सुमारे दहा कोटी पिक्सेलांची प्रतिमा मिळते. प्रत्येक पिक्सेलास तीन बाइट धरल्यास न दाबलेली फाइल ३०० मेगाबाइटच्या घरात जाते. ती संकेतस्थळावर चढविता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून ती लहान केली जाते, आणि लहान म्हणजे बहुतेक वेळा ६०० पिक्सेल रुंद.

या रुंदीत मूळ छापावरील सुमारे ०.६ मिलिमीटर लांबीचा भाग एका पिक्सेलात बसतो. कारागिराचा ठिपका पाव मिलिमीटरचा धरला तर एका पिक्सेलाच्या पोटात पाच-सहा ठिपके सरासरी होऊन विरघळतात. ठिपका दिसेनासा झाला की छाप तैलचित्रासारखा गुळगुळीत दिसू लागतो. रविवर्म्यांच्या चित्रांविषयी लिहिणाऱ्यांकडून जी चूक वारंवार होते, ती येथे जन्मते : तैलचित्र म्हणून ओलिओग्राफ छापला जातो आणि ओलिओग्राफ म्हणून तैलचित्र. दोन्हींच्या ६०० पिक्सेल रुंद प्रतिमा शेजारी ठेवल्या तर जाणकाराचीही फसगत व्हावी. कला-इतिहासाच्या दृष्टीने ही लहानसहान चूक नव्हे. एकात चित्रकाराचा हात आहे, दुसऱ्यात नाव न उरलेल्या शिळाकारांचा. आणि मावळच्या मातीशी संबंध दुसऱ्याचा आहे.

यावर दाबण्याची प्रक्रिया होते. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धती प्रतिमेचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते व प्रत्येक चौकोनातील बारीक चढउतार, म्हणजे डोळ्याला सहसा न जाणवणारा भाग, ढोबळ आकड्यांत मांडते. छायाचित्रांसाठी ही युक्ती उत्तम आहे. परंतु वरील प्रतिमेत आठ पिक्सेलांचा चौकोन म्हणजे मूळ छापावरील सुमारे पावणेपाच मिलिमीटर. चेहऱ्याचे डोळे, नथ, बोटांची टोके या मापाच्या आसपासची असतात. गुणवत्ता फार उतरविली की या चौकोनांच्या कडा उघड्या पडतात आणि नथीभोवती मळकट धूर उठल्यासारखा दिसतो.

रंगाचे नुकसान याहून सूक्ष्म आहे. मानवी डोळा उजेडातील फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातील फरक टिपत नाही, या आधारावर जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदीने व निम्म्या उंचीने साठवितात. चार पिक्सेलांना रंग एकच मिळतो. गडद पार्श्वभूमीवरील लक्ष्मीचे लाल-गुलाबी लुगडे या बचतीला सर्वांत आधी बळी पडते. लाल कडा पाण्यात पडलेल्या कुंकवाप्रमाणे पसरते. बहुतेक निर्यात-खिडक्यांत ही रंगबचत बंद करण्याची सोय असते, किंवा गुणवत्तेचा आकडा वर नेला की ती आपोआप बंद होते. फाइल काहीशी वाढते. धार्मिक चित्रांच्या, पैठणीच्या किंवा वारली चित्रांच्या पुस्तकात ही वाढ सोसली पाहिजे.

कातरलेली किनार

तंत्राचा दोष नसलेले, केवळ अनास्थेचे एक नुकसान येथे नोंदविले पाहिजे. मळवलीच्या अनेक छापांच्या तळाशी चित्राचे शीर्षक आणि छापखान्याचे नाव, कार्ला-लोणावळा या स्थळनिर्देशासह, बारीक अक्षरांत छापलेले असते. संकेतस्थळासाठी प्रतिमा तयार करताना 'नीटनेटकी' दिसावी म्हणून ही पांढरी किनार कातरली जाते. मुखपृष्ठावर घेताना तर हमखास. किनारीबरोबर छापाचा जन्मदाखलाच कचऱ्यात जातो.

कातरलेल्या प्रतिमेच्या फाइलीतही काही माहिती ठेवता येते. शीर्षक, संग्रह, स्कॅन केल्याचा दिनांक, हक्कस्थिती हे सारे प्रतिमेच्या पोटात नोंदविण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. मात्र संकेतस्थळासाठी साठविण्याची जी आज्ञा प्रतिमा-संपादनाच्या आज्ञावलींत असते, ती काही किलोबाइट वाचविण्यासाठी ही नोंद काढून टाकण्याचा पर्याय पुढे करते. तो निमूटपणे स्वीकारला जातो. कधीकधी रंगाचे परिचयपत्रही, म्हणजे कोणत्या रंगव्यवस्थेत आकडे वाचायचे ही सूचनाही, त्याच झाडूने जाते. विस्तृत रंगव्यवस्थेत तयार झालेली प्रतिमा मग पडद्यावर फिकी, आजारी दिसते आणि दोष जुन्या शाईवर ढकलला जातो. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारल्या गेलेल्या एसआरजीबी या रंगव्यवस्थेत प्रतिमा रूपांतरित करून तिचे परिचयपत्र सोबत ठेवणे, एवढ्याने हा घोटाळा टळतो. ऑफसेटसाठी चार शायांत विभागलेली फाइल तशीच ई-पुस्तकात घालणे हा याच जातीचा, पण अधिक भडक प्रमाद आहे. काही वाचनयंत्रांवर अशी प्रतिमा उलट्या रंगांत दिसते, काहींवर दिसतच नाही.

फाळक्यांची जाळी

लोणावळ्याच्या मुद्रण-इतिहासातील दुसरे नाव दादासाहेब फाळके यांचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यातच 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' उभारले. पुढे तो व्यवसाय दादरला गेला. फाळके ज्या तंत्राचे जाणकार होते, ते छायाचित्राचे ठसे बनविण्याचे तंत्र शिळाछापाहून निराळे आहे. येथे ठिपका हाताने पडत नाही. छायाचित्र जाळीतून पाहिले जाते व त्याचे नियमित ओळीतील लहानमोठे ठिपके बनतात. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून विसाव्या शतकातील बहुतेक मराठी मासिकांतील चित्रे या जाळीची आहेत.

डिजिटल प्रतिमेचीही एक जाळी असते, पिक्सेलांची. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की प्रतिमेवर लाटा किंवा चौकटी उमटतात. इंचाला १३३ ओळींच्या जाळीचे चित्र इंचाला १५० पिक्सेलांवर आणले तर एका ओळीच्या वाट्यास जेमतेम सव्वा पिक्सेलही येत नाही, आणि लाटा अटळ होतात. शहाणा मार्ग असा की आधी ६०० पिक्सेलांनी स्कॅन करावे, त्या पूर्ण आकारातच हलकासा धूसरपणा देऊन जाळी विरघळवावी आणि मग लहान करावे. धार देण्याची क्रिया करायचीच असेल तर ती सर्वांत शेवटी आणि हात राखून. जुन्या मासिकांतील चित्रे पुनर्मुद्रित करणाऱ्या अनेक ई-पुस्तकांत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. शिळाछापाला मात्र हाच उपाय लावू नये. तेथील ठिपका अनियमित असतो आणि तोच तर पाहायचा असतो! दोन प्रकारच्या चित्रांना एकच 'स्वच्छता' लावणारी स्वयंचलित आज्ञा म्हणूनच धोक्याची.

अक्षरांच्या प्रतिमा

मराठीत या विषयाला एक खास पदर आहे. युनिकोडपूर्व काळातील टंकांत जुळविलेला मजकूर पडद्यावर इतरत्र नीट दिसत नसे. म्हणून मराठी प्रकाशकांनी व संस्थांनी पानेच्या पाने प्रतिमा करून संकेतस्थळांवर चढविली. ती सवय कारण संपल्यावरही टिकून आहे. कोष्टके, आलेख, शीर्षके, कविता आजही चित्र म्हणून डकविल्या जातात.

देवनागरी अक्षरांवर जेपेगचा परिणाम रोमन अक्षरांपेक्षा अधिक जाणवतो. शिरोरेषेच्या काळ्या पट्टीखाली व वर धूसर कण साचतात, आणि अनुस्वार नेमका तेथेच बसलेला असतो. अक्षरे व रेषाचित्रे यांसाठी पीएनजी हे काहीही न गमावता दाबणारे स्वरूप १९९६ पासून उपलब्ध आहे. मोजक्याच छटा असलेल्या पानाची पीएनजी फाइल पुष्कळदा जेपेगपेक्षा लहानही भरते. आलेखांसाठी एसव्हीजी याहून उत्तम, कारण त्यातील रेषा कितीही मोठी केली तरी फुटत नाही.

अधिक गंभीर प्रकार काळ्या-पांढऱ्या स्कॅनचा आहे. पानाचा प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा ठरविला की फाइल अगदी लहान होते, आणि ग्रंथालयांच्या मोठ्या प्रकल्पांना ते मोहक वाटले यात नवल नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेले हजारो ग्रंथ अशा दोनरंगी पानांचे आहेत. मजकूर वाचता येतो, हे त्या प्रकल्पाचे श्रेय मान्यच केले पाहिजे. त्याविना कितीतरी मराठी ग्रंथ आज कोठेही दिसले नसते. पण त्याच ग्रंथांतील चित्रपाने काळे डाग होऊन बसली आहेत, आणि फिकट छपाईतील अनुस्वार, रफार, उकाराची टोके उंबरठ्याखाली राहून नाहीशी झाली आहेत. 'तो' आणि 'तों' यांतील फरक ज्या पाठचिकित्सेत महत्त्वाचा, तिला ही प्रत आधार म्हणून घेता येत नाही. सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवून ती पुन्हापुन्हा वापरणाऱ्या संक्षेपण-पद्धतीने काय होऊ शकते, हे २०१३ मध्ये जर्मनीत उघड झाले : झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांतील आकडे बदलत असल्याचे दाव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले. सहाचा आठ होत होता. कागद स्वच्छ दिसत होता, म्हणून कोणाला संशय आला नाही. जोडाक्षरांनी गजबजलेल्या लिपीत असा बदल पकडणे किती अवघड, याची कल्पना मुद्रितशोधकाला सहज यावी.

'बहात्तर डीपीआय' नावाची अंधश्रद्धा

संकेतस्थळासाठी प्रतिमा ७२ डीपीआयची असावी, हा नियम महाविद्यालयीन कार्यशाळांतून अजूनही सांगितला जातो. पडद्याला इंच ठाऊक नसतो. १२०० पिक्सेल रुंद प्रतिमेवर ७२ लिहिले काय किंवा ३०० लिहिले काय, ती १२०० पिक्सेलांचीच राहते. हा आकडा केवळ कागदावर छापताना अर्थ धारण करतो. या नियमाचा अनर्थ असा की '३०० डीपीआयची प्रतिमा पाठवावी' अशी अट घालणाऱ्या नियतकालिकांना लेखक जेमतेम चारशे पिक्सेलांची, पण ३०० हा आकडा मिरविणारी प्रतिमा पाठवितो आणि अट कागदोपत्री पूर्ण होते. त्यातच वर्ड या आज्ञावलीत फाइल साठविताना चित्रे आपोआप दाबली जातात, ही मूळ सेटिंग कोणी बंद केलेली नसते. लेखकाने पाठविलेले चित्र, संपादकाने पाहिलेले चित्र आणि प्रकाशित चित्र अशी तीन पिढ्यांची झीज होते. समीक्षकाकडे निबंध जातो तेव्हा आलेखातील अक्षांवरचे आकडे तोही वाचू शकत नाही. तरी शेरा बहुधा भाषेवरच येतो.

पिक्सेलांची आवश्यक संख्या ही प्रतिमा कोठे पाहिली जाणार यावरून ठरवावी. आजच्या भ्रमणध्वनींचे पडदे दाट आहेत. मजकुराच्या रुंदीचे चित्र त्यांवर ठसठशीत दिसण्यास १००० ते १६०० पिक्सेल रुंदी पुरते. शाईसदृश पडद्याच्या वाचनयंत्रांवर प्रश्न वेगळाच आहे. तेथे घनता इंचाला ३०० पर्यंत जाते, पण राखाडी छटा सोळाच. लाल लुगडे आणि हिरवे पान यांचा उजेड सारखा असेल तर दोन्ही एकाच राखाडीत मिसळतात. २०२४ मध्ये रंगीत पडद्याचे किंडल आले तरी त्यावरील रंगाची घनता काळ्या-पांढऱ्याच्या निम्मीच आहे. म्हणून ई-पुस्तकातील रंगीत चित्र निर्यात करण्याआधी एकदा राखाडीत बदलून पाहणे व गरज पडल्यास उजेडातील अंतर वाढविणे, हे संपादकाचे काम ठरते.

स्वरूपांच्या निवडीतही नवे ते चांगले असे समीकरण चालत नाही. २०१० मध्ये आलेले वेबपी आणि २०१९ मधील एव्हीआयएफ ही स्वरूपे त्याच दर्जाची प्रतिमा बरीच लहान करून देतात. आजचे ब्राउझर ती दाखवितात. ई-पबच्या प्रमाणात मात्र वेबपीला २०२३ च्या ३.३ या आवृत्तीत स्थान मिळाले. जुन्या वाचनयंत्रांवर ती प्रतिमा रिकामी चौकट होऊन राहील. ई-पुस्तकासाठी आजही जेपेग, पीएनजी आणि एसव्हीजी हेच भरवशाचे.

धुके आणि आठाचे चौकोन

तुंगार्लीच्या तलावाची पावसाळी छायाचित्रे पर्यटनविषयक पानांवर विपुल आढळतात. त्यांत धुक्याचा राखाडी उतार पायऱ्यापायऱ्यांचा झालेला दिसतो, आणि निरखून पाहिल्यास आठाचे चौकोनही. फार तपशील असलेल्या प्रतिमेत संक्षेपण लपते. धुक्यासारख्या, जवळजवळ काहीच नसलेल्या प्रतिमेत ते उघडे पडते. रिकामे आकाश कमी गुणवत्तेत चालेल, हा समज या एका चित्राने खोटा ठरतो. अशा चित्राला गुणवत्तेचा आकडा वर न्यावा किंवा लहान करण्यापूर्वी किंचित कणीदारपणा मिसळावा. तुटलेला उतार त्यात मिटतो.

आकार, वाचक आणि संग्रह

मोठ्या फाइलींचा आग्रह धरताना वाचकाच्या बाजूने विचार झाला पाहिजे. मावळच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवरील विद्यार्थी भ्रमणध्वनीवर वाचतो. डोंगराआड संकेत क्षीण असतो. पाच मेगाबाइटच्या दहा प्रतिमांचे पान त्याच्यासाठी बंद दरवाजाच. किंडलवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या एका मानधन-योजनेत तर फाइलीच्या आकारानुसार वितरणखर्च लेखकाच्या मानधनातून वजा होतो. लहान फाइलीची निकड खरी आहे आणि तिला हिणवणे हा शहरी अहंकार होईल.

पण एकच फाइल सर्वांना पुरविण्याची सक्ती आता उरलेली नाही. संकेतस्थळावर एकाच चित्राच्या तीन-चार रुंदीच्या प्रती ठेवून वाचकाच्या पडद्याप्रमाणे योग्य ती पाठविण्याची सोय आहे. मळवलीच्या छापासारख्या चित्राबाबत त्याहून सोपा उपाय संपादकाच्या हाती आहे. किनारीसह संपूर्ण छाप १२०० पिक्सेल रुंदीत द्यावा, आणि त्यासोबत चेहऱ्याचा किंवा हाताचा पाच सेंटिमीटरचा तुकडा ६०० पिक्सेलांच्या स्कॅनमधून न घटविता, सुमारे ११८० पिक्सेल चौरस, स्वतंत्रपणे द्यावा. दोन्ही मिळूनही फाइल आटोपशीर राहते. पहिल्यात देवी दिसते, दुसऱ्यात ठिपके, म्हणजे शिळेवर वाकलेला माणूस. दृष्टिबाधित वाचकासाठी पर्यायी मजकुरातही 'चित्र १' असे न लिहिता 'कमळावर उभी लक्ष्मी, ओलिओग्राफ, रविवर्मा छापखाना, तळाशी कार्ला-लोणावळा असा स्थळनिर्देश' असे लिहिता येते.

न दाबलेला मूळ स्कॅन टिफ स्वरूपात वेगळा जपणे हे या सर्वांआधीचे काम. जेपेग पुन्हापुन्हा उघडून साठविली की दर वेळी झिजते. मूळ नसेल तर पुढच्या पिढीची निर्यात झिजलेल्या प्रतीवरूनच होते. रविवर्म्यांच्या चित्रांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली आहे. मावळ परिसरातील देव्हाऱ्यांत, जुन्या घरांच्या ओसरीवर, दुकानांच्या भिंतींवर काजळी धरलेले छाप असू शकतात. परिसरातील महाविद्यालयाच्या इतिहास व मराठी विभागांना ते घरमालकांच्या संमतीने, काचेतून बाहेर काढून, किनारीसह स्कॅन करणे शक्य आहे. त्यासाठी लागणारा सपाट स्कॅनर बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यालयात प्रवेशअर्जांच्या कामासाठी आधीच असतो. त्याची काच ए-फोर आकाराची असल्याने १४ × २० इंचांचा छाप तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडावा लागेल आणि जोडावर रंग जुळतो की नाही, हे पाहावे लागेल. शिळेला शिळा जुळविणाऱ्याचेही काम यापेक्षा फार वेगळे नव्हते.